लुगड्यातली रेघ

आमच्या घरी सकाळ गिरणीच्या भोंग्यानं व्हायची. पहिल्या भोंग्याला बाबा उठत, दुसऱ्याला माय त्यांचा डबा बांधून दारात उभी राही, आणि तिसरा वाजेपर्यंत बाबांची सायकल नाल्यावरच्या पुलापलीकडे गेलेली असे. नागपुरात नंदनवनच्या अलीकडे आमच्या दोन खोल्या होत्या, वर कवेलूंचं छप्पर, पुढे शेणानं सारवलेली ओसरी, आतल्या भिंतीवर बुद्धाची तसबीर. संध्याकाळी बाबा परतत तेव्हा त्यांच्या भुवयांवर आणि कानांच्या पाळ्यांवर कापसाचे बारीक तंतू बसलेले असत. माय त्यांना ओसरीवरच उभं करून फडक्यानं झटकायची आणि मगच आत घ्यायची. घरात खायला बहुतेक रेशनवरच्या लाल ज्वारीची भाकर आणि आंबाडीची भाजी असे. भात रविवारी. रेशनच्या तांदळात खडे इतके असत, की शनिवारची सगळी दुपार माय सूप मांडीवर घेऊन उजेडात बसायची. सापडलेला खडा टिचकीनं अंगणात उडवायची, आणि त्या टिचकीचा आवाज मला आतल्या खोलीत अभ्यास करताना ऐकू यायचा. एवढं करूनही एखादा खडा बाबांच्या दाताखाली यायचाच. ते तो दोन बोटांत धरून आम्हा भावंडांना दाखवायचे. "शकुनच्या माय, तांदूळ कमी पडले होते काय वं? खडे शिजवले आज." माय म्हणायची, "दात आहेत तोवर चावून घ्या. मंग तेही नाही भेटणार." आम्ही हसायचो. आज ते हसणं आठवलं की बरं वाटतं आणि थकल्यासारखंही वाटतं. हल्ली मला दोन्ही एकदमच होतं.

बाबा गिरणीत कताई खात्यात होते. जायचं होतं त्यांना विणाईत, कारण तिथं पगार बरा होता. पण विणाईत आमच्या लोकांना कोणी उभं करत नसे. धागा तुटला की तिथं तो तोंड लावून ओढून घ्यावा लागायचा, आणि आमच्या तोंडाचा धागा पुढच्या पाळीच्या माणसानं तोंडात कसा घ्यायचा, हा सवाल होता. आम्ही बौद्ध झालो तेव्हा मी लहान होते. बाबांना वाटलं होतं, आता तरी. पण ती गोष्ट बदलायला फार वर्षं लागली आणि तोवर बाबांच्या छातीत कापूस बसला होता. हे ते कधी रागानं सांगत नसत. भाकरीचा तुकडा मोडता मोडता सांगत आणि वर म्हणत, "मीठ दे वं."

मी कॉलेजात नुकती गेले होते त्या वर्षी भाद्रपदात वैनगंगेला पूर आला. आमच्या वस्तीत एक गुरुजी होते, शाळेतून निवृत्त झालेले, गांधीटोपी नाही पण खादीचा सदरा घालणारे. त्यांनी पोरापोरींची एक तुकडी जमवली आणि आम्ही एस.टी.नं आणि शेवटचा पल्ला पायी, नदीकाठच्या एका कोष्ट्यांच्या गावी गेलो. गावाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं अजून आहेत आणि त्यांना माझ्या लिहिण्याचा ताप नको. कोष्टी म्हणजे विणकर. दर घरात एक हातमाग, आणि मागाच्या पुढ्यात जमिनीत कमरेइतका खड्डा, त्यात पाय सोडून विणणारा बसतो. नदीचं पाणी नाल्यातून उलटं गावात शिरलं होतं आणि दोन दिवस राहून गेलं होतं. जाताना ते प्रत्येक खड्डा गाळानं भरून गेलं होतं. गावात शिरताच वास आला, कुजलेल्या सुताचा आणि मेलेल्या कोंबड्यांचा. पुढे चाळीस वर्षं मी हेच काम केलं, पूर, गारपीट, दुष्काळ, आगी, आणि सगळ्या ठिकाणी पहिल्या दिवशी तोच वास आला. माणसांना वाटतं सवय होते. होत नाही, फक्त तोंडाला पदर लावायचा कंटाळा येतो.

गुरुजींनी कामं वाटून दिली. पोरांनी गाळ उपसायचा, पोरींनी घरं धुवायची. त्यांचा नियम एकच होता, कुजलेलं काही घरात राहू द्यायचं नाही, रोगराई त्यातूनच पसरते. मला दयारामचं घर आलं. दयाराम तिशीतला होता, पण तो तेव्हा घरात नव्हता. नागपूरच्या गांधीबागेत ज्या शेठसाठी तो लुगडी विणायचा त्याच्याकडे सूत मागायला पायी निघाला होता, कारण रस्ता वाहून गेल्यानं पुढच्या गावापर्यंत एस.टी. नव्हती. बायको लीला धान्याच्या रांगेत. आई गिरजाबाई तापानं फणफणून शाळेच्या वर्गात पडलेली. घर माझ्या एकटीच्या ताब्यात. मी अठरा वर्षांची होते आणि मला सफाईची मोठी हौस होती.

दुपारपर्यंत मी भिंती खरवडल्या, भांडी राखेनं घासली. मग वर लक्ष गेलं. आढ्याला सुंभानं घट्ट बांधलेलं एक गाठोडं होतं. पाणी तिथपर्यंतही पोचलं होतं. खाली उतरवून सोडलं तर आत मागाची फणी निघाली. फणी म्हणजे बारीक बारीक फटींची लांबच लांब चौकट, आणि तिच्यामागे दोऱ्यांचे शेकडो फास. प्रत्येक फासातून आणि फटीतून धाग्याचं एकेक टोक लोंबत होतं, हातभर लांब, काळं पडलेलं, चिखलानं एकमेकांना चिकटलेलं. नाक देववत नव्हतं. मी कात्री आणली आणि सगळी टोकं कापून काढली. तासभर लागला. फटीत अडकलेले तुकडे सुईनं उपसले. मग फणी आणि फास सोड्याच्या पाण्यात स्वच्छ धुऊन उन्हात वाळत घातले. इतके स्वच्छ निघाले, की मी गुरुजींना बोलावून दाखवले. ते म्हणाले, "शाब्बास."

दयाराम दुसऱ्या दिवशी आला. डोक्यावर सुताचं गाठोडं होतं, पाय फोडांनी भरले होते, आणि तरी चेहरा उजळलेला होता. शेठनं एका ताण्याचं, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांचं, सूत विश्वासावर दिलं होतं. अट एवढीच की दिवाळीच्या बाजाराआधी लुगडी दुकानात हवीत, नाहीतर पुढचं काम दुसऱ्या गावच्या माणसाला. अंगणात पाऊल टाकलं आणि त्याची नजर दोरीवरच्या फणीवर गेली. गाठोडं त्यानं हळूच खाली ठेवलं. फणीजवळ गेला, फासांतून बोटं फिरवली. मला वाटलं, आता म्हणेल, छान केलं बाई.

"कोणं कापलं हे?"

"मी," मी म्हटलं. "सडले होते सारे."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो भिंतीला पाठ लावून बसला आणि मला समजावून सांगू लागला, लहान पोराला सांगावं तसं. "बाई, आमी ताणा कधी पुरा काढत नाही. लुगडं संपलं की हातभर टोकं फणीत ठेवतो. नवा ताणा आला की एकेक धागा त्या जुन्या टोकाले सांधतो अन् ओढून घेतो. आपोआप आपापल्या फटीत जाते. माह्या बापानं भरली होती ही फणी. तवापासून कोणं भरलीच नाही. सांधतच आलो. पाणी चढलं तवा तांदूळ खाली सोडले अन् हे वर बांधलं."

तांदळाची कोठी सोडून त्यानं जे वाचवलं होतं ते मी कात्रीनं कापून सोड्यात धुतलं होतं. मी विचारलं, आता काय करायचं. तो म्हणाला, दोन हजारांच्या वर धागे आहेत, एकेक फासातून घ्यायचा, मग फटीतून घ्यायचा, क्रम चुकता कामा नये. दोन माणसं लागतात. गावात ते जमणारे दोनच उरलेत, एक म्हातारा पुराच्या आधीच लेकीकडे गेला, आणि दुसरी गिरजाबाई, ती तापात. त्यानं पुढचं माझ्याकडे न पाहता सांगितलं. दिवाळीनंतर विटाभट्टीचा ठेकेदार गावात येतो. चार घरांनी त्याला होकार दिलाच आहे. माग बसला नाही तर तोही लीलाला आणि पोरांना घेऊन जाईल, आणि भट्टीवर गेलेल्या घरातला माग पुन्हा उभा राहिलेला त्यानं पाहिला नव्हता.

गिरजाबाईला ही बातमी शाळेत पोचली, आणि ताप असतानाच ती काठी टेकत घरी आली. बारकीशी बाई, कपाळावर गोंदण, आवाज मात्र खणखणीत. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तूच काय वं ते? कात्रीवाली?" मी मान हलवली. "रडून नको राहू. रडून धागा भरत नाही. डोळे कसे आहेत तुये?" मी म्हटलं, चांगले आहेत. "मंग तूच बसशील माह्यासंग. ताणा तयार झाला की ये."

आठ दिवसांनी आमची तुकडी परत गेली. दयारामनं खड्डा पुन्हा खणला, चुना मारून वाळवला. लीलानं ताणा रस्त्यावर ताणून त्याला खळ लावली. मी घरी येऊन मायला सगळं सांगितलं. माय म्हणाली, "कॉलेज?" मी म्हटलं, बुडेल थोडं. तिनं माझी दोन लुगडी, तिळाची चटणी आणि भाकरी पिशवीत भरल्या. "कापलं तुनं, तं भरून ये," एवढंच म्हणाली.

भरायचं काम दिवसाउजेडीच होतं. दार उघडून फणी दारात टांगलेली, तिच्यापुढे गिरजाबाई, मागे मी. मी ताण्यातला पुढचा धागा निवडून, सरळ करून, फासाच्या तोंडाशी धरायचा. ती बारीक आकड्यानं तो फासातून ओढायची आणि मग फटीतून पलीकडे घ्यायची. "धागा." "घ्या." "धागा." "घ्या." दिवसभर एवढाच संवाद. मान आखडायची, बोटांच्या टोकांना खळ लागून ती कडक व्हायची. दुपारी लीला ज्वारीची भाकर आणि जवसाच्या तेलातला रस्सा आणून द्यायची. तो इतका तिखट असायचा की डोळ्यांतून पाणी यायचं, आणि गिरजाबाई म्हणायची, "डोळे धुतल्या गेले, बरं झालं, बस आता." पहिल्याच दिवशी तिनं विचारलं होतं, "कोणाची वं तू?" मी खरं ते सांगितलं. तिनं हातातला आकडा पदरानं पुसला. मग म्हणाली, "हात कोरडे ठेव. अन् धाग्याले ओठ लावू नको."

मला ते कळलं. न कळण्यासारखं काही नव्हतंच त्यात. धाग्याचं टोक फुटलं की ओठांत धरून ओलं करायचं आणि वळून टोकदार करायचं, हे गिरजाबाई स्वतः दर पाचव्या धाग्याला करत होती. मी मात्र पाण्याच्या वाटीत बोट बुडवून वळत बसले. पाण्यानं खळ सुटायची, टोक आणखीच फुटायचं आणि वेळ जायचा. पहिल्या दोन दिवसांत आम्ही चौथा हिस्साही भरला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दयाराम शेठचा निरोप घेऊन आला, माल लवकर पाठव, बाजार चढतो आहे. गिरजाबाईनं माझ्या हातातला फुटका धागा पाहिला, पाण्याची वाटी उचलली आणि अंगणात ओतून दिली. "लाव थुका," म्हणाली. मी थांबले. "काय पाहून राहिली? लाव म्हणतो ना. दिवाळी तुह्या वाटीसाठी थांबून राहिली काय?"

मी धागा ओठांत धरला, वळला, पुढे केला. तिनं तो आकड्यानं घेतला, पलीकडे नेला, त्याचं टोक पुन्हा फुटलं म्हणून स्वतःच्या ओठांत धरलं आणि फटीतून ओढलं. मग म्हणाली, "धागा."

मी "घ्या" म्हटलं.

पाचव्या दिवशी, रविवारी, बाबा मला न्यायला आले. दाराबाहेरच उभे राहिले. आम्ही शेवटचे काही धागे भरत होतो. मी टोक ओठांत धरून पुढे करत होते आणि म्हातारी घेत होती. बाबा किती वेळ उभे होते कोणास ठाऊक. परत येताना एस.टी.त त्यांनी एकदाच विचारलं, "तुह्या तोंडातला धागा घेतला त्या बाईनं?" मी म्हटलं, "हो." ते खिडकीकडे तोंड करून बसले, आणि नागपूर येईपर्यंत तसेच बसले. मला वाटलं झोपलेत. झोपले नव्हते.

पण सांगताना मी पुढे पळाले. निघण्याआधी दयारामनं चार बोटं कापड विणून पाहिलं होतं. माग नीट चालला. लीलानं मागाला कुंकू लावलं. आणि मग सगळ्यांना दिसली, डाव्या काठापासून वीतभर आत, उभी, केसाएवढी बारीक रेघ. उजेडाकडे कापड धरलं की त्या रेघेतून ऊन दिसायचं. फणीतली एक फट रिकामी राहिली होती. गिरजाबाईनं कापड डोळ्यांजवळ नेलं, बोट फिरवलं आणि माझ्यावर कडाडली. "झोपली होती काय वं तू? एक धागा द्याचा राहिला तुह्याकडून." मी म्हटलं, पुन्हा भरू या. पण एक फट भरायची तर तिथपासून काठापर्यंतचे सगळे धागे काढून एकेक फट सरकवावे लागतात, आणखी दोन दिवस लागतात. दयाराम खाली मान घालून आडवा धागा नेणारा धोटा पुसत होता. "असू द्या," म्हणाला. "वेळ नाही."

दिवाळीआधी लुगडी गेली. त्या वर्षी तो विटाभट्टीवर गेला नाही. मी मात्र ती रेघ मनाला लावून घेतली. आधी कापलं आणि भरतानाही चुकले, असं माझं माझ्याविषयी मत झालं, आणि ते टिकलं. दर दसऱ्याला मी गांधीबागेत त्या शेठच्या दुकानात जायची. दुकानातले दिवाणजी ओळखू लागले होते. कोपऱ्यात दागी मालाचा ढीग असायचा, डाग पडलेला, धागा चुकलेला माल. त्यातलं एकेक लुगडं मी उजेडाकडे धरून बघायची. डाव्या काठापासून वीतभर आत रेघ असायचीच. नवा ताणा जुन्या टोकांना सांधत गेला की रिकामी फट रिकामीच राहते. रेघ दिसली की जीव भांड्यात पडायचा, माग चालू आहे. आणि लगेच वाईट वाटायचं, की त्याचा माल माझ्यामुळे दागीत पडतो आहे. मी त्यातलं एक विकत घ्यायची. माय ते नेसायची आणि शेजारणींना सांगायची, "आमच्या शकुनच्या हातची रेघ आहे हे."

मधल्या वर्षांत मी दयारामला दोनदा पत्र लिहिलं, फणी पुन्हा भरून घ्या, मी येते, पाहिजे तर महिनाभर राहते. दोन्ही वेळा एक ओळीचं कार्ड आलं, कोणाकडून तरी लिहून घेतलेलं. सर्व ठीक आहे, घाई नाही. तोवर मी मदतकार्याच्या नोकरीत शिरले होते. गावात गेलं की भरायचे फॉर्म असत, घर किती पडलं, जनावरं किती गेली, भांडी किती. पाणी चढताना तुम्ही काय वर बांधलंत, हे विचारायला त्यात कुठंच जागा नव्हती. मी फॉर्मच्या मागच्या बाजूला लिहून घ्यायची. साहेब विचारायचे, हे काय? एखाद्या गावात बाईनं पोत्यात मिरचीचं बियाणं बांधलेलं असायचं, कुठं सुताराचा रंधा. निम्म्या वेळा ते कागद कोणी वाचले नाहीत. पण मी कोणाच्या घरात कात्री घेऊन पुन्हा गेले नाही.

मग एका दसऱ्याला ढिगात ती रेघ सापडली नाही. मी सगळा ढीग उपसला. दिवाणजी म्हणाले, त्या गावचा माल आता दागीत येत नाही, चांगल्या थप्पीत आहे. मला आनंद व्हायला हवा होता, पण वाटलं, इतक्या वर्षांनी फणी आताच का खोलली? दुसऱ्या दिवशी एस.टी. पकडली.

दयाराम खड्ड्यात पाय सोडून विणत होता. केस पांढरे झाले होते. लीलानं पाणी दिलं. भिंतीवर गिरजाबाईचा फोटो होता, हार घातलेला. "आखाडात गेली," तो म्हणाला. "तेरावा झाला अन् फणी खोलली. तिच्याचपाशी शिकलो होतो मंग, मी अन् हिनं दोन दिवसांत भरून घेतली." मी बसले. बरीच वर्षं मनात घोळवलेलं वाक्य शेवटी बोलले, की माझ्या एका चुकीपायी तुमचा माल इतकी वर्षं दागीत गेला, मला माफ करा.

तो धोटा हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. "बाई, तुमाले खरंच माहीत नाही?"

"काय?"

"तुमी मागं बसल्या होत्या. तुमचा धागा राहिला असता तं फास रिकामा राह्यला असता. फास सारे भरले होते. फट सुटली ते आकडेवाल्याच्या हातून." त्यानं फोटोकडे पाहिलं नाही. "तिले दिसत नोहतं. तापात डोळे गेले होते तिचे, अर्धेअधिक. बोटानं चाचपून भरले तिनं इतके धागे. मी पहिल्याच दिवशी ओळखलं."

"मग दुरुस्त काहून नाही केलं? मी पत्रं लिहिली..."

"तिच्या डोळ्यासमोर खोलू काय? रोज मागाजवळ बसून पोराइले सांगे, हे फणी मी भरली, या डोळ्यांनी. दागीत जाय तं जाय." त्यानं धोट्यावरून अंगठा फिरवला. "अन् तुमच्यावर आळ आला, त्याचं मात्र मले वाईट वाटे. पण तुमी नागपुरात होत्या. ते घरात होती."

मी विचारलं, "तिला माहीत होतं?"

"मी कधी विचारलं नाही," दयाराम म्हणाला, आणि त्यानं धोटा फेकला. माग पुन्हा खडखडू लागला.

परतताना मला राग आला होता, हे लिहायला हवं. बारा-तेरा वर्षं मी ती रेघ उरावर घेऊन फिरले होते. तो राग नागपूर येईपर्यंत पुरला नाही, एवढंच.

आता गिरणीचा भोंगा नाही, बाबा नाहीत, मायही नाही. रेघेची उरलेली चार लुगडी ट्रंकेत आहेत. माझ्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, पण डाव्यातून फारसं दिसत नाही. शनिवारी मीच हट्टानं तांदूळ निवडायला बसते. हल्लीच्या तांदळात निवडण्यासारखं काही नसतं असं माझी मुलगी म्हणते, तरी दुकानातून सुटा तांदूळ आणते आणि सूप माझ्या पुढ्यात ठेवते. परवा जेवताना तिच्या दाताखाली काहीतरी करकरलं. मी ऐकलं. माझे कान अजून शाबूत आहेत. खडा तिनं दोन बोटांनी काढला आणि ताटाच्या कडेला, वाटीच्या आड ठेवला.

"आई, भात छान झाला," म्हणाली.

मी तिला काही विचारलं नाही. आणखी थोडा वाढला.